सीमेवरचे माणूस आणि त्याचे घर : एका आजाराचा व कुटुंबाच्या बदलत्या भूमिकेचा इतिहास (थ्रेड)

१/१३
कल्पना करा. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात, एकोडीसारख्या धानाच्या गावात, एका घरात तरुण मुलगी आहे. सकाळी ती भावावर जीव ओवाळून टाकते, दुपारी त्याच्या एका शब्दावरून ताट भिरकावते आणि रात्री स्वतःला इजा करून घेते. शेजारी तिला ‘तापट’ म्हणतात, कुणी बाहेरची बाधा म्हणतात. अशा वागण्यामागे असू शकणाऱ्या एका आजाराचा आणि त्याला सांभाळणाऱ्या घराचा हा इतिहास.

२/१३
आजाराचे नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. मराठीत सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार. ही सीमा कोणती? जुन्या मानसशास्त्रात मनोविकारांचे दोन प्रांत मानले जात. एकात वास्तवाचे भान टिकते, दुसऱ्यात ते सुटते. १९३८ मध्ये अमेरिकेतील अडॉल्फ स्टर्न यांनी या दोहोंत न बसणाऱ्या रुग्णांना ‘सीमारेषेवरचे’ म्हटले. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात या विकाराला अधिकृत स्थान मिळाले ते १९८० मध्ये.

३/१३
नाव मिळण्यापूर्वी अशी माणसे नव्हती का? होती. टोकाच्या भावना, जवळची व्यक्ती सोडून जाईल ही सततची धास्ती, आतून पोकळ वाटणे, क्षणात उसळणारा संताप, हे सारे माणसाइतकेच जुने असावे. दप्तरांत मात्र त्यांची स्वतंत्र नोंद सापडणार नाही. त्यांना शोधायचे तर सर्वच मनोरुग्णांच्या इतिहासातून जावे लागते.

४/१३
आपल्या भागात ही वाट नागपूरला जाते. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि भंडारा त्याचा जिल्हा ठरला. १८६४ मध्ये नागपुरात वेड्यांचे इस्पितळ उघडले. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. एकोडीहून ते शंभरेक किलोमीटर दूर आणि रेल्वे अजून नागपूरलाही पोचायची होती. रुग्णाला तिकडे नेणे म्हणजे त्याला घरापासून तोडणेच.

५/१३
कायदाही त्याच वळणाचा होता. १८५८ च्या कायद्याने दंडाधिकाऱ्याचा हुकूम आणि डॉक्टरचा दाखला यांवर माणूस आत जाई. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यात पती, पत्नी वा नातलगाने अर्ज करण्याची रीत आली. कुटुंबाची भूमिका काय, तर अर्जदार. आत गेलेल्या माणसाशी पुढे कसे वागावे, हे त्याला कुणी शिकवीत नव्हते. हा कायदा १९९३ पर्यंत चालला!

६/१३
दरम्यान पाश्चात्त्य जगात कुटुंब आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात ‘आजार घडविणारी आई’ ही कल्पना मांडली. पुराव्यांपुढे ती टिकली नाही, पण तोवर असंख्य मातांच्या माथी दोष बसला होता. ‘घरच्यांनीच बिघडविले’ हे वाक्य आजही ऐकू येते. त्याची एक वंशावळ अशी आहे.

७/१३
याच काळात भारतात वेगळी दिशा उमटली. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांसोबत राहू दिले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही कुटुंबासह उपचारांची पद्धत रुजविली. नातलग आजार जवळून पाहत, प्रश्न विचारत, त्यांची भीती कमी होई. अर्जदार आता सोबती झाला.

८/१३
मराठी माणसाचे नाव इथे आवर्जून घ्यावे. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. रुग्णाइतकाच सांभाळणाऱ्यालाही आधार हवा, ही जाणीव तिच्या कामात होती. २००४ च्या ‘देवराई’ या चित्रपटामागेही ते होते. त्यात आजारी भावाला सांभाळणारी बहीण आहे. आजार वेगळा, पण घराची दमछाक तीच.

९/१३
सीमावर्ती विकारावर प्रभावी उपचार रचले ते अमेरिकेच्या मार्शा लिनहान यांनी. १९९३ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. त्यांच्या मते जन्मजात हळवे मन आणि भावनांची सतत उपेक्षा करणारा परिसर यांच्या परस्पर घर्षणातून हा विकार घडतो. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितले की तरुणपणी त्या स्वतः दीर्घकाळ मनोरुग्णालयात होत्या. रुग्णच वैद्य झाल्याचे हे विलक्षण उदाहरण.

१०/१३
कुटुंबाने यातून काय घ्यावे? पहिले, भावनेची दखल. दखल म्हणजे होकार नव्हे. ‘एवढ्याशाने काय रडतेस?’ याऐवजी ‘ताई, मी नागपूरला निघालो म्हणून तुला फार एकटे वाटते आहे, हे मला दिसते. रविवारी सकाळी मी फोन करीन.’ वचन लहान असावे आणि पाळले जावे. सोडून जाण्याची धास्ती असलेल्या मनाला मोठ्या शपथांपेक्षा पाळलेला शब्द अधिक आधार देतो.

११/१३
दुसरे, मर्यादा. ‘आरडाओरडा सुरू झाला की मी अर्धा तास अंगणात बसेन, मग परत येईन.’ हे शांत वेळी सांगावे आणि तसेच वागावे. तिसरे, जिवाची भाषा कधीही ‘नाटक’ समजू नये. शेतकरी घरात कीटकनाशके कुलपात ठेवणे हाही उपचाराचाच भाग. चौथे, सांभाळणाऱ्याने स्वतःची झोप, मित्र आणि शिक्षण सोडू नये.

१२/१३
कायदाही आता बदलला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला चालवू नये, अशी तरतूद केली. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे गुन्हा ठरविले.

१३/१३
आणि आशा? १९९२ मध्ये मेरी झनारिनी यांनी अमेरिकेत २९० रुग्णांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. दहा वर्षांत त्यांतील बहुतेकांची लक्षणे ओसरली. म्हणजे हा आजार जन्मठेप नाही. निदान मात्र तज्ज्ञानेच करावे, थ्रेड वाचून कुणावर शिक्का मारू नये. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. रुग्णासाठी तो आहेच, थकलेल्या भावासाठीही आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या घरापुढे केवळ नागपूरची वाट होती. आजच्या घराला निदान कुणाला तरी विचारता येते. मग विचारावे.