सहीची किंमत : रखमाबाईंचे दोन हजार आणि माझे अठरा लाख

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती बातमी पुन्हा आली. नांदेडकडच्या एका शिक्षिकेला कोर्टाने घटस्फोटित नवऱ्याला पोटगी द्यायला लावली, ती. बातमी २०२२ ची आहे, पण दर चार-सहा महिन्यांनी ताजी म्हणून फिरते. खाली नेहमीचेच दोन गट. एकाचं म्हणणं, 'घ्या आता समानता'. दुसऱ्याचं, 'कलियुग आलं'. मी काहीच लिहिलं नाही. माझ्या खात्यातून माझ्या आधीच्या नवऱ्याच्या खात्यात अठरा लाख गेलेत, आणि ग्रुपवर ते कुणाला ठाऊक नाही. आता होईल.

आधी बातमी नीट सांगते, कारण ती कुणीच नीट वाचलेली नसते. लग्न १९९२ चं. घटस्फोट झाला २०१५ मध्ये. त्यानंतर नवऱ्याने अर्ज केला की मला उत्पन्नाचं साधन नाही, बायकोला नोकरी आहे, पोटगी मिळावी. खालच्या कोर्टाने महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी दिली. थकबाकी साचली तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापकांना आदेश गेला की बाईंच्या पगारातून महिना ५,००० कापून कोर्टात भरा. बाई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. घटस्फोट होऊन गेला, नातं संपलं, आता कसली पोटगी, असा त्यांचा मुद्दा. हायकोर्टाने तो मानला नाही. कायद्यात 'हुकूमनाम्याच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही' असे शब्द आहेत आणि 'पत्नी किंवा पती' असेही आहेत.

हे शब्द कुठल्या पुरुष हक्क संघटनेने काल-परवा घुसडलेले नाहीत. ते १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पहिल्यापासून आहेत. कलम २४ म्हणजे खटला चालू असतानाचा खर्च आणि पोटगी, कलम २५ म्हणजे कायमची पोटगी. दोन्हीकडे मागणारा नवरा असू शकतो, बायको असू शकते. ज्या काळात पगार घेणारी बाई शोधावी लागत होती, त्या काळात हे लिहिलं गेलं. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलापायी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, बिलाचे तुकडे झाले, आणि त्यातला लग्नाचा तुकडा लोकसभेत पुढे नेला आपल्या जळगावच्या ह. वि. पाटसकरांनी.

आता गंमत बघा. याच्या आदल्याच वर्षी, १९५४ ला, झालेल्या विशेष विवाह कायद्यात पोटगी फक्त बायकोला. म्हणजे तेच जोडपं, तेच पगार. भटजींसमोर लग्न केलं असेल तर नवरा पोटगी मागू शकतो, रजिस्टर पद्धतीने केलं असेल तर नाही. पारशी कायद्यात नवऱ्याला हा हक्क १९८८ च्या दुरुस्तीने आला. आणि जुनं कलम १२५, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४, तिथे नवऱ्याला जागाच नाही. ते बायको, मुलं आणि आईवडिलांसाठी. माझ्या घटस्फोटात मला पहिला धडा हाच मिळाला. कोण जास्त कमावतं हा प्रश्न नंतर येतो, लग्न कुठल्या कायद्याखाली झालं हा आधी.

पण जास्त मिळकत असलेली बाई सुटकेसाठी पैसे मोजते, ही गोष्ट १९५५ पेक्षाही जुनी आहे. आपल्या मुंबईतच घडलेली आहे आणि आपण ती अर्धीच सांगतो.

रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न, नवरा दादाजी भिकाजी एकोणीसचा. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह करताना पहिल्या नवऱ्याची मिळकत मुलीच्या नावे केली. म्हणजे ह्या लग्नात पैसा बायकोकडे होता. ती सासरी नांदायला गेलीच नाही. १८८४ मध्ये दादाजीने वैवाहिक हक्कांसाठी दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने सांगितलं गेलं की ह्या माणसाची पोसायची ऐपत नाही, तब्येत ठीक नाही, चालचलणूक बरी नाही. न्या. पिन्ही यांनी १८८५ ला तिच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो उलटला, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. इथपर्यंत आपल्याला पाठ असतं. मलबारी, 'केसरी'तली टीका, टाइम्समधली 'अ हिंदू लेडी' ह्या सहीची पत्रं, सगळं.

पुढे काय झालं हे विचारलं की लोक व्हिक्टोरिया राणीने लग्न मोडलं असं काहीतरी सांगतात. प्रकरण मिटलं ते जुलै १८८८ मध्ये, तडजोडीने. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. मग तो दुसरं लग्न करून मोकळा झाला. रखमाबाई १८८९ ला लंडनला वैद्यकी शिकायला गेल्या, परत येऊन सुरत-राजकोटला त्यांनी उभा जन्म डॉक्टरकी केली. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं म्हणतात. हिंदू धर्मशास्त्रात काडीमोड नव्हता, त्यामुळे दोन हजार मोजूनही त्या कागदोपत्री त्याची बायकोच राहिल्या. (ज्या जातींत काडीमोड, फारकत, पाट चालत होते तिथेही पंचांच्या शब्दाला इंग्रजी कोर्टांनी कात्री लावायला सुरुवात केली होती. पंचांच्या परवानगीने पहिला नवरा सोडून दुसरा पाट लावता येतो, हे मुंबई हायकोर्टाने १८७६ च्या एका निकालात अमान्य केलं होतं.)

ते दोन हजार कशाबद्दल होते? उपासमार टळावी म्हणून नक्कीच नव्हते. पोटगी नव्हतीच ती. तो अडवून बसला होता, त्याने वाट सोडावी म्हणून दिलेले पैसे होते.

आता माझं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, तेवीस वर्षं. त्याचं भोसरीत जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप होतं, मंदीत ते बसलं. नंतर त्याने पुन्हा काही उभं केलं नाही. भांडणं कशी झाली, कोण काय बोललं, ते इथे सांगणार नाही. तीन वर्षं वेगळे राहिल्यावर मी म्हटलं, संमतीने संपवू. तो म्हणाला, 'संपवू की. माझं काय?'

ह्या 'माझं काय'मागे कायदा कसा उभा आहे ते समजून घ्या. संमतीने घटस्फोट हे कलम १३-ब, आलं १९७६ ला. त्याआधी व्यभिचारासारखं काहीतरी कारण सिद्धच करायला लागायचं. संमतीच्या अर्जाला दोन टप्पे. पहिला अर्ज, मग सहा महिने थांबायचं (२०१७ पासून कोर्ट ही मुदत माफ करू शकतं), मग दुसरा. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवून दिलंय की हुकूमनामा होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतो. लग्न पार मोडलंय, जोडणं शक्य नाही, एवढं कारण आपल्याकडे पुरत नाही; त्या कारणाने लग्न फक्त सर्वोच्च न्यायालय मोडू शकतं, आपले घटनात्मक विशेष अधिकार वापरून. हे कारण कायद्यात आणायचं विधेयक २०१० मध्ये आलं, २०१३ ला राज्यसभेत पासही झालं, आणि लोकसभेची मुदत संपल्यावर मेलं. मग ज्याला बाहेर पडायची घाई, त्याने एकतर दहा वर्षं लढायचं, नाहीतर समोरच्याची सही विकत घ्यायची.

माझ्या वकीलबाई म्हणाल्या, 'लढलात तर बहुतेक जिंकाल.' धडधाकट माणूस मुद्दाम घरी बसला तर त्याला पोटगी देत नाहीत. रिक्षा चालवणं आपणहून सोडून बायकोकडे पोटगी मागणाऱ्या एकाला मध्य प्रदेश हायकोर्टाने असंच परत पाठवलं होतं. पण जिंकायला किती वर्षं, ते त्या सांगेनात.

एक कबुली. आकड्यांवर बोलणी सुरू झाल्यावर मी एक मुदत ठेव आईच्या नावावर वळवली आणि कंपनीचे शेअर यादीत धरले नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय की पोटगीचा वाद आला की दोघांनीही मिळकत, कर्ज, खर्च, सगळं शपथपत्रावर मांडायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू, हेही त्याच निकालात. वकीलबाईंनी माझी यादी पाहिली आणि चष्मा काढून म्हणाल्या, 'मॅडम, एवढी वर्षं मी नवऱ्यांच्या यादीत जे पकडत आले तेच तुम्ही केलंय.' वीस-वीस वर्षं पगार दडवणाऱ्या पुरुषांबद्दल मी ग्रुपवर काय काय लिहिलं होतं ते आठवलं. ठेव परत आणली. शेअर लिहिले.

दुसरं त्यांनी विचारलं, 'घर कोणी सांभाळलं?' मी दोन वर्षं जर्मनीत होते तेव्हा मुलीची नववी-दहावी त्याने काढली. डबा, क्लास, डेंग्यू, सगळं. हे लिहायला आपल्या कायद्यात वेगळा रकानाच नाही. लग्नातली कमाई ज्याच्या नावावर त्याची. गोव्यात असतो तर हा प्रश्न वेगळा आला असता. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची सामाईक, मोडताना निम्मी-निम्मी. कमावणारा नवरा की बायको हे तिथे बघत नाहीत. आपल्याकडे घरी राबलेल्या बाईलाही हिस्सा मागता येत नाही, पोटगीच मागायला लागते. गरजू असल्याचं सिद्ध करून. माझ्या आईच्या पिढीतल्या किती बायका त्या दारातूनच मागे फिरल्या! कलम १२५ च्या केंद्रीय मजकुरात २००१ पर्यंत महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती.

म्हणून त्या अठरा लाखांतले किती जर्मनीच्या दोन वर्षांचे आणि किती सहीचे, हे मला अजून सांगता येत नाही. आधीचे मला द्यायचेच होते, कुणी मागितले नसते तरी. दुसऱ्यांचा राग अजून आहे.

वकीलबाईंनी हप्ते पाडून दिले. अर्धे पहिल्या अर्जाच्या वेळी, उरलेले दुसऱ्याच्या वेळी, डीडीने, आणि तोही न्यायाधीशांसमोर. ही खबरदारी जास्त कमावणाऱ्या कुणीही घ्यावी, बाई असो की पुरुष. संमती मागे घेता येते, दिलेले पैसे परत मिळवायला मात्र वेगळी लढाई. त्या दिवशी डीडी माझ्या हातात होता, पेन त्याच्या. दोघंही एकमेकांच्या हाताकडे बघत होतो.

कागदावर लिहिलंय, 'कलम २५ अन्वये कायम पोटगी, पूर्ण व अंतिम'. मी हळूच विचारलं, 'सहीबद्दल, असं नाही का लिहिता येत?'

वकीलबाई म्हणाल्या, 'तसं लिहिलं तर साहेब सही करणार नाहीत.'