औषध रुचतंय का, हे मोजायचं कसं?

मधुमेहाचा इतिहास सांगताना लोक सुश्रुतापासून सुरुवात करतात आणि गोड लघवीला लागणाऱ्या मुंग्यांपाशी थांबतात. मला त्याचं दुसरंच एक निरीक्षण आवडतं. या रोग्याला चालण्यापेक्षा उभं राहावंसं वाटतं, उभं राहण्यापेक्षा बसावंसं, बसण्यापेक्षा आडवं व्हावंसं आणि आडवं झालं की झोपावंसं! रोग्याला काय वाटतं याची ही नोंद आहे. पुढे मोजायची साधनं आली आणि असली नोंद मागे पडली.

साधनं मात्र एकाहून एक. आमच्या वडिलांच्या वेळी घरात बेनेडिक्टचं निळं द्रावण असे. परीक्षानळीत ते लघवीबरोबर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर जपून आणि विटेसारखं लाल झालं की आईचा चेहरा उतरायचा. मग रंग बदलणाऱ्या पट्ट्या आल्या, बोटाच्या थेंबावर साखर सांगणारी यंत्रं आली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेहरानच्या सॅम्युएल रहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमधला फरक दिसला आणि त्यातून आजची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी निघाली. रोग्याने काही न बोलताच सगळं कळायची सोय झाली.

पण सगळं कळतं का?

आमच्या सौ.चं उदाहरण सांगतो. मधुमेह होऊन वीस वर्षं झालेली, जुन्या जातीच्या गोळ्या चालू. तीन महिन्यांचा आकडा असा की डॉक्टरांनी शाबासकी द्यावी. ‘काही त्रास?’ या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं, ‘नाही, बरं आहे.’ आपल्याकडे मोठ्या माणसाला, त्यातून डॉक्टरला, असंच सांगायचं असतं. आणि इकडे उशाशी गुळाचा डबा! पहाटे दरदरून घाम, हात थरथरतात, गुळाचा खडा तोंडात टाकायचा आणि पडून राहायचं. औषध म्हटलं की एवढं चालायचंच, असं तिचं मत. एकदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रश्न फिरवून विचारला, ‘साखर उतरल्यासारखं आठवड्यात किती वेळा वाटतं?’ उत्तर आलं, ‘तीन-चारदा.’ गोळी त्याच दिवशी बदलली. त्या वयात साखर एकदम खाली जाणं किती धोक्याचं, ते मग त्यांनी समजावून सांगितलं.

हा प्रश्न कुठून आला याचा शोध घेतला तेव्हा इंग्लंडमधलं शेफील्ड सापडलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे इन्सुलिनचा पंप, दिवसातून अनेक इंजेक्शनं की नेहमीची पद्धत, यातलं काय घ्यायचं हे रोग्यांनाच निवडू दिलं होतं. साखरेचे आकडे होतेच, पण रोगी खूश आहे का हे कसं सांगणार? क्लेअर ब्रॅडली या मानसशास्त्रज्ञ बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी प्रश्नावली केली, ती १९८८ साली छापून आली. आज वापरात आहे तिच्यात प्रश्न फक्त आठ, प्रत्येकाला शून्य ते सहा गुण. उपचार सोयीचे वाटतात का, दिनक्रमाप्रमाणे सैल-घट्ट करता येतात का, आपल्या रोगाची समज किती, दुसऱ्याला हेच सुचवाल का, असे सहा प्रश्न मिळून छत्तीस गुण. साखर फार चढल्याचं किंवा फार उतरल्याचं किती वेळा जाणवतं, हे दोन प्रश्न बेरजेत धरत नाहीत, वेगळे वाचतात. सौ.चा गुळाचा डबा नेमका तिथे सापडला असता.

पेपर तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला यातली गंमत लगेच कळेल. रोगी पहिल्याच वेळी भरभरून गुण देऊन मोकळे होत! दुसरं औषध पाहिलेलंच नसेल तर आहे तेच उत्तम. मग नवं औषध कितीही सुखाचं निघालं तरी गुण वाढायला जागा नाही. म्हणून १९९९ मध्ये ब्रॅडलीबाईंनी दुसरा नमुना काढला. पूर्वीच्या मानाने आता कसं आहे, उणे तीन ते अधिक तीन.

तरीही हा कागद इंग्लंडचा. तिथे मधुमेहावर औषध घेणाऱ्याला औषधाचे पैसे पडत नाहीत, म्हणून आठात किमतीचा प्रश्नच नाही. आमच्या अलोऱ्यात तो पहिला येईल. दुसरा येईल विजेचा. शेजारी कोयनेचं पाणी महाराष्ट्रासाठी वीज करतं, पण पावसाळ्यात झाड पडलं की आमच्याकडे अंधार. वसाहतीतले एक निवृत्त गृहस्थ अशा वेळी इन्सुलिनची बाटली मडक्यात ठेवतात. त्यांना ‘सोयीचं वाटतं का’ विचारलं तर ते काय सांगतील?

शिवाय चाचणीतलं समाधान बाजारात टिकतंच असंही नाही. फायझर कंपनीचं श्वासावाटे ओढायचं इन्सुलिन, एक्झुबेरा, जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सुई नको म्हणून चाचण्यांमध्ये रोग्यांनी इंजेक्शनापेक्षा त्याला चांगले गुण दिले होते. पण यंत्र बोजड, किंमत जास्त. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने ते गुंडाळलं.

तसंच दुसऱ्या एका कंपनीचं, छोट्या यंत्राचं इन्सुलिन भारतात आणायला मुंबईच्या सिप्लाला डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी मिळाली. मी ही बातमी त्या मडकेवाल्या गृहस्थांना उत्साहाने वाचून दाखवली. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, केवढ्याला आणि फ्रिज लागतो का. साठा करायचा तर फ्रिज त्यालाही लागतो.