सनदेची परीक्षा आणि संगणकाचा पुरावा

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे होऊन प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले, आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील बेलापूर स्थानकाच्या आसमंतात ऊस, साखर व गूळ यांच्या बळावर जी वसाहत वाढली, तीच पुढे श्रीरामपूर या नावाने तालुक्याचे ठिकाण झाली. येथील वकिलाच्या दप्तरात काय असावे हे जणू जमिनीनेच ठरविले होते: सातबाराचे उतारे, फेरफार, खरेदीखते आणि पाटपाण्याचे तंटे. पुरावा म्हणजे कागद, आणि कागदाचे प्रामाण्य त्याखालच्या सहीत वा अंगठ्यात. आज त्याच कचेरीच्या आवारात वावरणाऱ्या नव्या पदवीधरास सनद टिकविण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते, तीत सायबर कायदाही येतो.

सनदेसाठी कसोटी ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या कायदेसंग्रहाने वकिलीस नियमांची चौकट घातली. पुढे हायकोर्ट प्लीडर व डिस्ट्रिक्ट प्लीडर अशा परीक्षा रूढ झाल्या, आणि त्यांची तयारी करून घेण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनी पुण्यात कायद्याचा वर्ग चालविला. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील परीक्षेची अट १९७३ च्या दुरुस्तीने गळाली, आणि पुढे कित्येक वर्षे केवळ पदवीच्या बळावर सनद मिळत राहिली. अखिल भारतीय बार परीक्षा प्रथम ६ मार्च २०११ रोजी झाली; तिच्या वैधतेवर २०२३ च्या फेब्रुवारीत घटनापीठाने शिक्कामोर्तब केले.

या परीक्षेच्या शंभर प्रश्नांपैकी सायबर कायद्याच्या वाट्यास दोनच येतात, आणि टिपांविरहित कायद्याची प्रत परीक्षागृहात नेण्यास मुभा असल्याने, दोन गुणांसाठी कोण श्रम घेतो, असा हिशेब पुष्कळ उमेदवार करतात. हा हिशेब मला सर्वथा चुकीचा वाटतो. कलमाचा क्रमांक पुस्तकात सापडेल. त्या कलमाचे पुढे काय झाले, हे नुसत्या पुस्तकात सापडत नाही. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ च्या दुरुस्तीने आलेले, आक्षेपार्ह संदेशांविषयीचे कलम ६६-अ घ्या. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बंदविषयीच्या फेसबुकवरील मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. तेथून उसळलेला वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले.

त्याहून अधिक अभ्यसनीय आहे तो जालन्याचा खटला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले; पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचे म्हणणे असे की, खोतकरांचे नामनिर्देशनपत्र दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील चित्रफीत त्याची साक्षी आहे. चित्रफितीसोबत लागणारा पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब चा दाखला मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिला नाही. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करताना दंडक घालून दिला: नकलेसोबत दाखला अनिवार्य, परंतु ज्याने तो मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि ज्याच्या हाती तो देणे नाही, त्याला अशक्याची सक्ती नाही. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने साक्षीत सिद्ध केले, तर दाखल्याची गरजही उरत नाही. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आली असून, दाखल्याचे आता दोन भाग झाले आहेत, एक पक्षकाराचा व दुसरा तज्ज्ञाचा. दोहोंत त्या नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, लिहावे लागते.

श्रीरामपूरच्या उमेदवारांना माझी कळकळीची विनंती आहे की, परीक्षेपूर्वी जालन्याच्या खटल्याचा हा निकाल त्यांनी एकदा समग्र वाचावा. आपल्या जिल्ह्याची अपिले ज्या खंडपीठापुढे जातात, त्याच खंडपीठातून तो वर गेलेला आहे.