करवत, कानस आणि खवणी

खुब्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्याच्या विद्येचा इतिहास सांगताना ग्रंथकार बहुधा धातूंची आणि प्लास्टिकांची वंशावळ सांगतात. परंतु तो सांधा ज्या हाडात नांदावयाचा, ते हाड तासून, कोरून, घासून सिद्ध करणाऱ्या हत्यारांची हकीगत दफ्तराच्या तळाशीच पडून राहते. ती हत्यारे एका ओळीत मांडलेली पाहिली म्हणजे आपण सुतारशाळेत आलो की काय, असा भास होतो. आणि सुश्रुताने वीस शस्त्रांत गणलेल्या करपत्रावरूनच आपल्या सुताराच्या करवतीला नाव मिळाले, हे ध्यानी घेतले तर त्या भासाचे नवल उरत नाही.

१८९० च्या सुमारास बर्लिनच्या थेमिस्टोक्लिस ग्लुकने हस्तिदंती सांधे बसवून पाहिले, ते टिकले नाहीत. बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसनने १९२३ साली मांडीच्या हाडाच्या गोळ्यावर काचेची टोपी चढविली. काच फुटे, म्हणून १९३८ मध्ये व्हायटॅलियम हा मिश्रधातू आला. पण टोपी कशाचीही असो, खालचा गोळा आणि वरची उखळी यांस नेमकी गोलाई आणल्यावाचून कार्यभाग साधत नसे. त्या कामाच्या पन्हळी पात्याच्या वक्र पटाश्यांना आजही स्मिथ-पीटरसनचेच नाव आहे.

खरी कारागिरी इंग्लंडात, विगनजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नलीने दाखविली. घरच्या लेथवर टेफ्लॉनच्या वाट्या स्वतः कातणारा हा शल्यविशारद आपल्या हत्यारांचाही आराखडा आपणच काढी. टेफ्लॉन झिजून त्याची फजिती झाली आणि १९६२ च्या अखेरीस पॉलिथिलीन आले, हे सर्वश्रुत आहे. मला अधिक मोलाचा वाटतो तो सांधा हाडात पक्का करणाऱ्या सिमेंटविषयीचा त्याचा विचार. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही, खाचाखोचांत शिरून पकड घेते. म्हणून गिलाव्यापूर्वी गवंडी जशी भिंत खरबरीत करून घेतो, तशी उखळीतील कूर्चा खरवडून, मध्यभागी दिशादर्शक भोक पाडून, ती खोल व रुंद करून, शेवटी भोवतालच्या हाडांत सिमेंटच्या पकडीसाठी छिद्रे पाडण्याची तजवीज त्याने केली. सांध्यापर्यंत वाट मोकळी करण्यासाठी मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा तो स्नायूंसह कापून बाजूस सारी, तो जिगलीच्या तारेच्या करवतीने. आणि ही करवत मुळात जिगली या इटालियन प्रसूतितज्ज्ञाने अवघड बाळंतपणासाठी योजिलेली! हत्यारेही अशी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात बदलून जातात.

पुढे सिमेंटावाचून नुसत्या घट्ट बसणीवर सांधा टिकविण्याची रीत आली, तेव्हा हत्यारांवरचा भार वाढला. अर्धगोलाकार, छिद्राछिद्रांची, आपल्या नारळाच्या खवणीची आठवण करून देणारी पाती मिलिमीटरागणिक मोठी लावीत उखळी घासावी, हाडाचा कीस पात्याच्या पोटातच साठावा आणि पोकळी राहिलीच तर तो तीत भरावा, इतका काटकसरीचा हिशेब या रीतीत आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियातील सॅक्रमेंटो येथे, आधी कुत्र्यांवर हात बसवून, रोबोडॉक नावाच्या यंत्राने माणसाच्या मांडीच्या हाडाची पोकळी कोरली. तथापि बहुतेक शल्यगृहांत आजही हातोडीच्या ठोक्यांनीच ही पोकळी घडविणारी कानस हाडात उतरविली जाते, आणि ती पुरती बसली की नाही हे ठरविताना शल्यविशारद ठोक्याचा बदललेला नाद कान देऊन ऐकतो.