पायाखालची जमीन: स्वयंपाकघरातल्या फरशीचा इतिहास



ओटा ही गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात तशी अलीकडची. त्याआधी चूल जमिनीवर असायची आणि स्वयंपाक करणारी बाई पाटावर बसायची. भाजी चिरणं, पीठ मळणं, वाढणं, जेवणं, सगळं जमिनीवरच. त्यामुळे स्वयंपाकघराची जमीन म्हणजे तेव्हाचा ओटाच होता, आणि ती कशी असावी याला फार महत्त्व होतं.

ही जमीन मातीची. चोपून घट्ट केलेली आणि शेणाने सारवलेली. सारवण ताजं असताना घर प्रसन्न दिसायचं, पण ते दर काही दिवसांनी पुन्हा करावं लागे. चुलीजवळ पोपडे निघत, पाणी सांडलं की खड्डा पडे, आणि पावसाळ्यात ओल हटत नसे. ओल आली की जीवोत्पत्ती आलीच. ती जमीन टिकायची ती घरातल्या बायकांच्या हातांवर. हे कष्ट मोजायला कुणी बसलं नाही.

मग दगड आला. आपण ज्याला शहाबादी म्हणतो, तो आजच्या कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा चुनखडीचा दगड. तो थराथरांनी निघतो, म्हणून त्याच्या सपाट लाद्या करणं सोपं. पण जड दगड बैलगाडीने लांब नेणं परवडत नसे. मुंबईहून सोलापूरमार्गे निघालेली रेल्वे 1871 मध्ये रायचूरला मद्रासच्या रेल्वेला मिळाली आणि शहाबाद त्याच मार्गावर आहे. दगडाला महाराष्ट्राची वाट मोकळी झाली. आंध्रातल्या कडप्पाचा काळा दगडही असाच नावासकट आपल्या घरात आला आणि पुढे ओट्यावर जाऊन बसला.

शहाबादीने सारवणाचे कष्ट संपवले. ती उन्हाळ्यात थंड, पायाला न घसरणारी, आणि पिढ्यान्पिढ्या टिकणारी. तिचं दुखणं दोन ठिकाणी. एक तर हा दगड चुनखडीचा, म्हणून लिंबू, चिंच, ताक सांडून राहिलं की डाग धरतो. दुसरं म्हणजे सांधे, ज्यांना गवंडी ‘दर्जा’ म्हणतात. लाद्यांच्या कडा ओबडधोबड असल्या तर हे सांधे रुंद राहतात, त्यातलं सिमेंट वर्षांनुवर्षांच्या धुण्याने निघतं आणि मुंग्या खाली घर करतात.

शहरांत याच सुमारास दुसरी गोष्ट घडत होती. इंग्रजी अमदानीतल्या मोठ्या इमारतींसाठी विलायतेहून मिंटनच्या रंगीत टाइल्स येत. मुंबईत राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात त्या आजही पाहायला मिळतात. मग स्वदेशीच्या वातावरणात, 1922 मध्ये, सिधवा या पारशी कुटुंबाने भारत टाइल्स हा कारखाना काढला. या सिमेंटच्या टाइल्स भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंगीत सिमेंट ओतून, दाबयंत्राखाली दाबून, पाण्यात मुरवून त्या पक्क्या करतात. वरचा रंगाचा थर जाड असतो, म्हणून वापराने नक्षी सहज पुसली जात नाही. जुन्या मुंबईत शिरल्याबरोबर दिसणारी ती वेलबुट्टीची फरशी यातलीच.

नंतर मोझॅक आलं, म्हणजे सिमेंटमध्ये संगमरवराचे तुकडे घालून, घासून गुळगुळीत केलेली जमीन. जागेवरच ओतून केलेल्या मोझॅकला सांधे फार थोडे. पण रंगीबेरंगी ठिपक्यांत काय सांडलंय आणि काय चालतंय, ते कळत नाही. राजस्थानचा हिरवट कोटा आणि पांढरा मकराना हेही आले. मजबूत खरे, पण तेही मुळात चुनखडीचेच भाऊबंद. आंबटाचं त्यांनाही वावडं.

आजची व्हिट्रिफाइड टाइल ही गेल्या तीसेक वर्षांतली. गुजरातमधलं मोरबी पूर्वी कौलांसाठी ओळखलं जाई, आज ते टाइल्सचं गाव आहे. माती, फेल्डस्पार आणि सिलिका साधारण 1200 अंशांवर भाजून ही टाइल करतात. ती इतकी घट्ट होते की स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाही. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल याच्या वीसपट किंवा जास्त पाणी पिते. म्हणून भिंतीची टाइल स्वस्त मिळाली तरी जमिनीला लावू नये. वरवंटा पडला की टवका उडतो आणि आतली कच्ची माती उघडी पडते.

हा सगळा इतिहास मी आमच्या स्वयंपाकघरासाठी चाळला. आमची शहाबादी सासूबाईंच्या लग्नाच्या आधीची आहे. दगड अजून धड आहे, पण सांधे उघडे पडलेत आणि घरात सात माणसांचा राबता. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून घसरणं आम्हाला परवडणारं नाही. आणि चातुर्मासात चौका लागतो. मुनिमहाराज उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. त्या वेळी खालची जमीन कोरडी, स्वच्छ आणि निर्जंतुक दिसली पाहिजे. नुसती असून भागत नाही, दिसावी लागते.

इथे मला तत्त्वार्थसूत्रातल्या पाच समिती आठवतात. ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणं. आदाननिक्षेपण म्हणजे वस्तू उचलताना-ठेवताना पाहणं. ही व्रतं मुनींची. आपण गृहस्थ ती जमेल तेवढीच पाळतो. पण दिवसभर ज्या जमिनीवर आपण वावरतो, तिच्यावरची मुंगी दिसलीच नाही, तर कितीही मनात असून पाऊल कसं चुकवणार? दुकानात टाइलची चमक बघतात. मी टाइलवर जीव दिसतो का, ते बघायचं ठरवलं.

म्हणून आमची निवड अशी. व्हिट्रिफाइड, पण गुळगुळीत नव्हे, मॅट. दोन फूट बाय दोन फूट, म्हणजे सांधे कमी. सांध्यांत साध्या सिमेंटऐवजी इपॉक्सी. महाग पडतं, पण ते पाणी पीत नाही आणि मुंग्यांना वाट देत नाही. रंग एकसारखा, नक्षीशिवाय, फिका बदामी. काळ्यावर काळी मुंगी दिसत नाही आणि पांढऱ्यावर सांडलेलं पीठ. उतार मोरीकडे, म्हणजे पाणी साचून राहणार नाही.

तुम्हीही घेणार असाल, तर दुकानातून एक टाइल घरी आणा. तिच्यावर तेल, हळद आणि लिंबू टाकून रात्रभर ठेवा, सकाळी पुसा. मग पाणी ओतून ओल्या अनवाणी पायाने उभं राहून बघा. दुकानातल्या दिव्यांखाली यातलं काही कळत नाही.

आणि काम पावसाळ्यात काढू नका. फरशी उचलली की खालच्या वाळूतली मुंग्यांची घरं मोडतात. आषाढ ते कार्तिक जीवांची दाटी सर्वांत जास्त, म्हणून तर मुनीसुद्धा विहार थांबवतात. आम्ही थंडीत काढणार आहोत. आधी आठवडाभर त्या खोलीत अन्नाचा कण ठेवायचा नाही, म्हणजे मुंग्यांची ये-जा तरी कमी होईल. गवंड्याला एकेक लादी हळू उचलायला सांगितलं आहे. दोन दिवस जास्त लागतील, मजुरी जास्त जाईल. ती द्यायची. निघालेल्या धड लाद्या अंगणात तुळशीपाशी बसवणार आहोत. सासूबाईंनी जागाही दाखवून ठेवली आहे.

जय जिनेंद्र.