खानेसुमारीचा रकाना आणि राज्याची सीमा : चंद्रपूर-आदिलाबाद सीमाभागातील लोकसंख्येच्या शासकीय आकड्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सीमाप्रश्न म्हटला की मराठी अभ्यासकाच्या डोळ्यांसमोर प्रथम बेळगाव, निपाणी, खानापूर ही नावे येतात. ते स्वाभाविकही आहे. १९६६ साली नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या आपल्या अहवालात २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे तत्कालीन म्हैसूर राज्याला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. तेव्हापासून या प्रश्नावर मराठीत विपुल लेखन झाले. त्या तुलनेत विदर्भाच्या दक्षिण सीमेकडे, म्हणजे राजुरा, जिवती, किनवट आणि पलीकडील आसिफाबाद-उटनूर या पट्ट्याकडे, इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. येथे गोंड, कोलाम, परधान, बंजारा, मराठवाड्यातून आलेले मराठी शेतकरी व दलित कुटुंबे आणि तेलुगू भाषक शेजारी शेजारी राहतात. येथे कोणत्याही एका भाषेची चळवळ उभी राहिली नाही. त्यामुळे आकडेवारीविषयीचा वादही वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला नाही. तो तहसील कार्यालयात, जात पडताळणी समितीसमोर आणि शिधापत्रिकेच्या रांगेत होत राहिला.

सीमाभागात लोकसंख्येचा आकडा आधी असतो व त्यावरून सीमा ठरते, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. प्रत्यक्षात सीमा आणि शासकीय यादी यांनीच येथील आकडे घडविले, आणि मग तेच आकडे राजकारणात पुरावा म्हणून मांडले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

एकच कायदा, निरनिराळी मापे

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ साली अहवाल दिला. केवळ भाषा हा एकमेव निकष मानता येणार नाही आणि सर्वसाधारणपणे जिल्हा हाच घटक धरावा, असे आयोगाचे धोरण होते. मात्र १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातील आठवे कलम बारकाईने वाचले तर निराळेच चित्र दिसते. हैदराबाद राज्यातून नव्या मुंबई राज्यात आलेल्या प्रदेशाची यादी त्यात आहे. औरंगाबाद, परभणी, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे सबंध आले. बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके आले. नांदेड जिल्हा आला, परंतु देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबीर ही मंडळे वगळून. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आले आणि बोथ तालुक्यातील फक्त इस्लापूर मंडळ.

येथे महसुली मंडळापर्यंत जाऊन सीमा आखली आहे. त्याच कायद्याच्या सातव्या कलमात बेळगाव जिल्हा मात्र केवळ चंदगड तालुका वजा करून म्हैसूरकडे गेला. तेथे मंडळाचा विचार झाला नाही, मग गावाचा कोठून होणार? पुढे महाराष्ट्राने 'खेडे हा घटक' या तत्त्वाचा आग्रह धरला, त्याला कर्नाटकाने व्यवहार्यतेचे कारण देऊन विरोध केला. परंतु जिल्ह्याच्या खाली जाणे व्यवहार्य होते, हे याच कायद्याने देगलूर-मुधोळमध्ये दाखवून दिले होते. घटक बदलला की बहुसंख्य कोण हेही बदलते. हा गणिताचा साधा नियम आहे. कोणत्या ठिकाणी कोणता घटक घ्यायचा, हा निर्णय मात्र राजकीय होता.

राजुरा तालुक्याचा प्रवास येथेच थांबला नाही. १९५६ साली तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ साली चांदा जिल्ह्यात आला. तीन-चार वर्षांत एकाच गावाची दप्तरे तीन जिल्हा मुख्यालयांशी निगडित झाली. जुनी महसुली कागदपत्रे निजामी राजवटीच्या उर्दूत, मधली नांदेडकडे, नंतरची चांद्याकडे. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो तेव्हा या प्रवासाची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

यादीत असणे आणि नसणे

या अभ्यासाचा गाभा येथे आहे. १९५६ च्या अनुसूचित जमातींच्या यादीत प्रत्येक जमातीपुढे प्रदेश लिहिलेला होता. विदर्भापुरते पाहिले तर अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तालुक्यांत गोंड हा 'अनुसूचित' होता. नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील गोंड त्या यादीबाहेर राहिला. ज्या नागपूर शहराची उभारणी देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदाने केली, त्या शहरातील गोंड शासकीय आकडेवारीत आदिवासी नव्हता! चांदा जिल्ह्यात तर विसंगती अधिकच स्पष्ट होती. गडचिरोलीचा गोंड यादीत होता, पूर्वीच्या हैदराबादच्या यादीतून आलेला राजुऱ्याचा गोंडही यादीत होता, आणि मधल्या वरोरा-ब्रह्मपुरीचा गोंड बाहेर.

१९७६ च्या दुरुस्ती कायद्याने ही क्षेत्रीय बंधने उठविली. त्याचा परिणाम पुढील जनगणनेत दिसला. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १९७१ साली सुमारे २९.५४ लाख (५.८६ टक्के) होती. १९८१ साली ती ५७.७२ लाख (९.१९ टक्के) झाली. राज्याची एकूण लोकसंख्या या दशकात सुमारे साडेचोवीस टक्क्यांनी वाढली. त्या दराने वाढ झाली असती तर आकडा ३७ लाखांच्या आसपास थांबला असता. उरलेले सुमारे २१ लाख लोक जन्माने आले नाहीत, ते व्याख्येने आले.

या २१ लाखांत दोन अगदी भिन्न समूह आहेत. पहिला, पूर्वी अन्यायाने वगळलेले नागपूर-भंडाऱ्याचे गोंड व त्यांच्यासारखे इतर. दुसरा, नामसाधर्म्याचा आधार घेऊन जमातीचा दावा करणारे. नागपुरातील वाचकांस हलबा-कोष्टी प्रश्न परिचित आहे. २८ नोव्हेंबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राष्ट्रपतींच्या आदेशातील नोंद आहे तशीच वाचली पाहिजे, असा निर्णय देऊन हलबा-कोष्टींचा समावेश 'हलबा' या नोंदीत होत नाही, हे स्पष्ट केले. विणकरीवर जगणाऱ्या त्या समाजाची आर्थिक दुरवस्था खरी होती व आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. आकडेवारीच्या दृष्टीने अडचण अशी की, जनगणनेच्या एकूण बेरजेत हे दोन समूह वेगळे करण्याची सोय नाही. त्यामुळे ज्यांना आदिवासींच्या सवलती डोळ्यांत सलतात ते संपूर्ण वाढीस 'बोगस' म्हणतात आणि वगळलेल्या गोंडाला मिळालेला उशिराचा न्यायही संशयाच्या धुक्यात जातो.

व्याख्येमुळे बेरीज बदलण्याचा अनुभव दीक्षाभूमीच्या या शहरास नवा नाही. १९५६ नंतर ज्यांनी धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले ते अनुसूचित जातींच्या संख्येतून वजा झाले. १९९० च्या दुरुस्तीने ते पुन्हा मोजले जाऊ लागले आणि महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण १९८१ च्या ७.१४ टक्क्यांवरून १९९१ साली ११.०९ टक्क्यांवर गेले. विधानसभेतील राखीव जागा या बेरजांवरच ठरतात. २००१ च्या जनगणनेवर आधारित २००८ च्या पुनर्रचनेत अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ आणि जमातींच्या २२ वरून २५ झाल्या.

१९७६ च्या त्याच कायद्याने सीमेपलीकडे, तेलंगण विभागात, लंबाडा अर्थात बंजारा समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश केला. महाराष्ट्रात मात्र हा समाज विमुक्त जातींत राहिला. एकच बोली, एकच गोत्रव्यवस्था, सीमेच्या दोन्ही बाजूंस सोयरिकी. आणि तरीही अलीकडे एक दर्जा, पलीकडे दुसरा. परिणाम केवळ शिक्षण-नोकरीपुरता नव्हता. आंध्र प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यास १९५९ च्या विनियमाने व त्यातील १९७० च्या दुरुस्तीने प्रतिबंध होता. बंजारा 'आदिवासी' ठरताच तो प्रतिबंध त्यांच्यापुरता सैल झाला. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास १९४० च्या दशकापासून केला होता. या निर्णयानंतर महाराष्ट्रातून आदिलाबादेत झालेले बंजारा कुटुंबांचे स्थलांतर आणि गोंडांच्या जमिनींवरील त्याचा ताण यांची नोंद त्यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केली. २०१७ साली आदिलाबाद भागात गोंड व लंबाडा यांच्यात उसळलेल्या संघर्षाची मुळे येथवर जातात. बंजारा कुटुंबांना यात दोष देणे अनुचित ठरेल. दुष्काळ व भूमिहीनता पाठीशी असताना, सीमा ओलांडली की दर्जा बदलतो हे कळल्यावर माणूस काय करील?

महाराष्ट्रात बंजारा समाजाची स्वतंत्र गणना १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही, कारण स्वातंत्र्योत्तर जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींखेरीज जात मोजली गेली नाही. म्हणजे एकच समाज पलीकडे दर दहा वर्षांनी मोजला जातो आणि अलीकडे अंदाजाने सांगितला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठा आरक्षणासंबंधी शासनाने हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला. त्यानंतर बंजारा समाजानेही त्याच गॅझेटच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागितला आणि आदिवासी संघटनांनी त्यास विरोध केला. दोन्ही बाजूंच्या सभांत लोकसंख्येचे मोठमोठे आकडे सांगितले गेले. त्यांना जनगणनेचा आधार असणे शक्यच नव्हते.

भाषेच्या रकान्याविषयी

भाषेचा रकानाही निरपेक्ष नाही. १९५१ साली पंजाबात हिंदी-पंजाबी वाद इतका विकोपास गेला की, तेथे या भाषांचे आकडे एकत्रच द्यावे लागले. जिवती परिसरातील बंजारा कुटुंब मातृभाषा म्हणून बंजारी किंवा लमाणी सांगते. २०११ च्या जनगणनेत बंजारीचे सुमारे १५.८ लाख व लमाणी-लंबाडीचे सुमारे ३२.८ लाख भाषक नोंदले गेले, परंतु भाषावार तक्त्यात ते सर्व 'हिंदी'च्या बेरजेत समाविष्ट आहेत. मराठी आणि तेलुगू यांच्या सीमेवरील तांडा अशा रीतीने कागदावर हिंदी भाषक होतो. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील त्या भागातील एका विद्यार्थ्याने प्रवेश अर्ज भरताना 'मातृभाषा' या रकान्याशी थांबून विचारले होते, "सर, घरात बोलतो ती लिहू की शाळेत लिहितो ती?" त्याला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

चौदा गावे

जिवती तालुक्यातील परमडोली, मुकादमगुडा, महाराजगुडा, अंतापूर आदी चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण ही दोन्ही राज्ये हक्क सांगत आली आहेत. तेलंगणच्या दप्तरी ती केरामेरी मंडळाशी जोडलेली आहेत. कुमराम भीम यांच्या १९४० च्या लढ्यामुळे प्रसिद्ध झालेले जोडेघाट याच मंडळात आहे. या गावांतील अनेक रहिवाशांजवळ दोन्ही राज्यांच्या शिधापत्रिका आहेत, दोन्हीकडील मतदार याद्यांत नावे आहेत, गावात मराठी व तेलुगू अशा दोन शाळा आहेत. महाराजगुड्यातील एका घरातून तर सीमारेषाच जाते. वृत्तपत्रांना यात गंमत दिसते. परंतु वनजमिनीचा पट्टा न मिळालेल्या शेतकऱ्यासाठी ही दोन कार्डे हाच काय तो आधार आहे. त्याने एक परत करावे असे सांगणाऱ्यांनी, उरलेल्या कार्डावर पट्टा कोण देणार हेही सांगावयास हवे.

नागालँडचे उदाहरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तेथे १९९१ ते २००१ या दशकात लोकसंख्या ६४.५३ टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली आणि पुढील दशकात ती किंचित घटल्याची. मतदारसंघ व निधी यांसाठी समूहांनी स्वतःची संख्या फुगविली, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. चौदा गावांतील दुहेरी नोंद त्या प्रकारची नाही. येथे लोकांनी आकडा फुगविलेला नाही. दोन शासनांनी एकाच माणसाला दोनदा आपल्या यादीत घेतले आहे.

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार होणाऱ्या जनगणनेची संदर्भ तिथी १ मार्च २०२७ आहे आणि तीत स्वातंत्र्योत्तर काळात प्रथमच सर्व जातींची नोंद व्हावयाची आहे. त्या वेळी महाराजगुड्याच्या त्या घरावर कोणत्या राज्याचा प्रगणक क्रमांक घालतो आणि परमडोलीच्या तांड्यावरील कुटुंबाची जात 'विमुक्त' यादीतील बंजारा म्हणून लिहिली जाते की 'अनुसूचित' यादीतील लंबाडा म्हणून, हे अद्याप ठरावयाचे आहे.