मुडदूस, ड जीवनसत्त्वरोधी
वाढत्या हाडांत खनिजे पुरेशी न साचल्याने होणाऱ्या मुडदूस या रोगाचा, ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या मात्रेला दाद न देणारा आनुवंशिक प्रकार. १९२०–३० या दशकात कॉड माशाच्या यकृताचे तेल व सूर्यप्रकाश हे मुडदुसावरील उपाय म्हणून मान्य झाले. तथापि काही मुलांचे पाय त्यानंतरही वाकडेच राहत. १९३७ मध्ये अमेरिकेत फुलर ऑलब्राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका मुलाचे वर्णन केले. प्रचंड मात्रेने काहीसा गुण येई. परंतु रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असे. १९५८ मध्ये रॉबर्ट विंटर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासावरून हा रोग क्ष-गुणसूत्राशी निगडित व प्रभावी असल्याचे दाखविले. त्यामुळे बाधित पित्याच्या सर्व मुलींना तो दोष मिळतो, मुलग्यांना मिळत नाही. १९९५ मध्ये त्यास कारणीभूत असलेले फेक्स हे जनुक सापडले. त्यातील बिघाडाने एफजीएफ-२३ हे हॉर्मोन वाढते व मूत्रावाटे फॉस्फेट वाया जाते. म्हणजे मूळ दोष जीवनसत्त्वाच्या विरोधाचा नसून फॉस्फेटच्या ऱ्हासाचा आहे. रूढ नाव मात्र जुन्या समजुतीचे द्योतक ठरले. फॉस्फेट व कॅल्सिट्रिऑल यांच्या जोडीला, या हॉर्मोनास निष्प्रभ करणारे ब्यूरोसुमॅब हे प्रतिपिंड २०१८ मध्ये उपचारार्थ मान्य झाले.